पावणेतेरा इंच

सकाळी साडेनऊ. खोलीचं कुलूप काढलं की आधी आर्द्रतेचा काटा बघतो. आज 78. पुण्यातला जुलै, दुसरं काय होणार? काल सरळ करून ठेवलेली एक नेक रात्रीत पुन्हा वाकली आहे. तिला आज हात लावायचा नाही असं ठरवून चहा सांगितला. माझा धंदा गिटारी दुरुस्त करण्याचा. पण हल्ली निम्मा दिवस ‘ही कोणती आणि कितव्या सालची?’ यातच जातो. दुरुस्तीचे पैसे मिळतात, या उत्तराचे मिळत नाहीत.

दहा. व्हॉट्सअॅपवर कोल्हापूरच्या एका मुलाचे फोटो. त्याला कुणीतरी ‘1982 ची गिब्सन लेस पॉल’ विकतोय. मागे आठ आकडी नंबर, सुरुवात 82. इथेच माणसं घसरतात. 1977 ते 2005 मधल्या बहुतेक गिब्सनच्या नंबरात सालाचे दोन आकडे शेजारी बसत नाहीत. एक पहिला, दुसरा पाचवा. मधले तीन म्हणजे वर्षातला दिवस. तेव्हा 82349567 हा नंबर 1989 सालच्या 234 व्या दिवसाचा, म्हणजे 22 ऑगस्टचा. शेवटचे तीन आकडे पाचशेच्या वर, म्हणजे नॅशव्हिलचा कारखाना. नंबर चोख आहे. पण नंबर काय, कुणीही छापतो. हेडस्टॉकवरच्या, नेक सरळ ठेवणाऱ्या ट्रस रॉडच्या झाकणाला फोटोत तीन स्क्रू दिसताहेत. गिब्सनच्या झाकणाला दोन असतात. ‘झाकण काढून आतला फोटो मागव,’ मी कळवलं, ‘पितळी नटाऐवजी अॅलन कीचं भोक निघालं तर पैसे खिशातच ठेव.’

साडेअकरा. चादरीत गुंडाळलेली गिटार घेऊन एक काकू रिक्षातून उतरल्या.

“ह्यांची आहे. जाऊन दोन वर्षं झाली. पुतण्या म्हणतो 1966 ची फेंडर मस्टँग आहे, दीड-दोन लाख सहज येतील. तुम्ही जरा बघता का, दादा?”

काका बँकेत होते आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. हेडस्टॉकवर ‘मस्टँग’ हा शब्द वाचता येत होता. त्याच्या आधी जे काही होतं त्यावर च्युइंगगमबरोबर मिळतं तसलं स्टिकर: मोगली. दूरदर्शनवर तो 1993 मध्ये आला. दिवसभरात इतकं सोपं साल दुसरं सापडलं नाही, आणि ते गिटारचं नव्हतं!

टेप घेतला. हेडस्टॉकजवळ तारा टेकतात त्या नटापासून बाराव्या फ्रेटपर्यंत मोजायचं आणि दुप्पट करायचं. तारेची कंपणारी लांबी मिळते. मस्टँग फेंडरने 1964 साली शिकणाऱ्यांसाठी काढली, लांबी 24 इंच. म्हणजे टेपवर बारा दिसायला हवेत. दिसले पावणेतेरा. दुप्पट साडेपंचवीस, हे स्ट्रॅटोकास्टरचं माप. बॉडीही स्ट्रॅटचीच, पिकअप तीन. खऱ्या मस्टँगला दोन असतात. पुतण्याचा दावा पाच मिनिटांत निकालात निघाला, पण काकूंना लगेच सांगितलं नाही. ‘ही ती नव्हे’ एवढ्याने ओळख होत नाही. एखादा जुना फोटो असला तर संध्याकाळी घेऊन या, म्हटलं.

दीड. डबा.

दोन. तारा सैल केल्या, मागचे चार स्क्रू काढले. नेक खोबणीतून सुटताना ‘चुर्र’ असा आवाज होतो. वर्षानुवर्षं चिकटून बसलेला रंग तुटतो तो. साठच्या दशकातल्या फेंडरच्या नेकच्या टाचेवर शिक्का असतो: आकडा, महिना, साल, अक्षर. पहिला आकडा लोक तारीख समजतात. तो नेकच्या प्रकाराचा. शेवटचं अक्षर रुंदीचं. इथे टाचेवर काहीच नव्हतं. नुसतं खरकागदाचे ओरखडे असलेलं लाकूड, आणि खोबणीत जाड रंगाचा ओघळ.

मग पिकगार्ड उचलून आवाजाच्या बटणांखालचे पॉट पाहिले. अमेरिकन पॉटच्या पाठीवर कोड असतो. 1376633 असेल, तर 137 म्हणजे सीटीएस कंपनी, 66 साल, 33 वा आठवडा. याच कोडने मला एकदा तोंडघशी पाडलं होतं. एका स्ट्रॅटला बेधडक ‘1966’ सांगून बसलो आणि नंतर नेकवर 68 चा शिक्का निघाला. फेंडरने 1966 मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता आणि तो पुढची काही वर्षं वापरला. पॉट फक्त ‘याच्या आधीची नाही’ एवढंच सांगतो. तेव्हापासून नेक, पॉट, रंग, स्क्रू या सगळ्यांची साक्ष जुळेपर्यंत मी तोंड उघडत नाही. इथले पॉट छोटे, स्वस्त, पाठ कोरी.

चार. हेअर ड्रायरने मोगली गरम केला आणि ब्लेडच्या बोथट बाजूने कडेपासून उचलला. खाली नाव निघालं: ‘सन’. हसूच आलं. दिवसभर सन शोधतोय, आणि सापडलं ते हे!

सन ही ऑरेगॉनमधली, साठच्या दशकात निघालेली अॅम्प्लिफायरची कंपनी. पुढे ती फेंडरकडे आली. 1985 मध्ये फेंडरच्याच माणसांनी तेव्हाची मालक सीबीएस हिच्याकडून कंपनी विकत घेतली तेव्हा नाव मिळालं, फुलर्टनचा कारखाना मिळाला नाही. स्वस्त गिटारी बाहेर बनवून घेणं आलंच: जपान, कोरिया, आणि थोडा काळ चक्क भारत. स्क्वायर टू आणि ही सन मस्टँग, दोन्ही इथे बनल्या. ऐंशीचं दशक सरता सरता आणि नव्वदचं लागता लागता.

साडेसहा. काकू अल्बम घेऊन आल्या. गणपतीचा मांडव, लुकलुकत्या दिव्यांच्या माळा, बेलबॉटम नसलेले पण मिशा असलेले काका, गळ्यात हीच गिटार. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का, 1992. म्हणजे त्यानंतरची नाही. कार्डावर लिहिलं: सन मस्टँग, भारतात बनवलेली, अंदाजे 1988 ते 1992. पुतण्याच्या आकड्यातलं एक शून्य कमी करा, तेही सांगितलं.

“म्हणजे फॉरेनची नाही?”

“नाव तिकडचं. बनलीय इथेच.”

काकू डोळ्याला पदर लावतात की काय असं मला वाटलं, तर त्या हसत होत्या. “इंपोर्टेड आहे म्हणून दोन पगार घातले होते ह्यांनी. दिवाळीला मला साडी नाही.” मग टेबलावर बटर पेपरला चिकटवलेला मोगली दिसला. “हा राहू दे हं. धाकट्याने लावला होता, आणि मार खाल्ला होता.”

हेडस्टॉकच्या मागच्या बाजूला, नाव झाकणार नाही असा, फेव्हिकॉलचा ठिपका देऊन लावला. काकू चादर घडी करत म्हणाल्या, “पुतण्याला फोन मात्र तुम्हीच करा.”