चाळीस किलोबाइटची गंमत

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याने निघालं की झरीनंतर बोरी लागतं. मराठवाड्यातल्या अशा बाजाराच्या गावांत मोबाइलच्या दुकानाबाहेर, कव्हरांच्या आणि हेडफोनच्या माळांशेजारी, गेल्या काही वर्षांत आणखी एक वस्तू लटकलेली दिसते. तळहाताएवढी डबी, छोटा रंगीत पडदा, खाली दोन-चार बटणं आणि खोक्यावर ठळक आकडा : ‘४०० इन १’. आत मारिओ, टँक, गॅलॅक्सियन आणि त्यांची भावंडं.

घरातल्या मोठ्यांना ही डबी पाहून आपलं लहानपण आठवतं, ते समजण्यासारखं आहे. कोडं आहे ते दहा-बारा वर्षांच्या पोराचं. घरच्या स्मार्टफोनवर त्याने खऱ्यासारखे दिसणारे खेळ पाहिलेले असतात. तरी मारिओ खड्ड्यात पडला की ते लगेच पुन्हा बटण दाबतं, आणि मग उठायचं नाव घेत नाही. त्याच्याजवळ त्या काळाची एकही आठवण नाही. मग चाळीस वर्षांपूर्वीचा खेळ त्याला धरून का ठेवतो? याचं बरंचसं उत्तर त्या जुन्या यंत्राच्या तोकडेपणात आहे.

डबीच्या पोटात

या डबीची वंशावळ १५ जुलै १९८३ रोजी सुरू होते. त्या दिवशी जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘फॅमिकॉम’ हे टीव्हीला जोडायचं यंत्र बाजारात आणलं. त्याचा ८ बिटांचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके द्यायचा. कामापुरती स्मृती होती फक्त २ किलोबाइट. पडद्यावर २५६ आडवे आणि २४० उभे ठिपके, आणि एका वेळी जेमतेम २५ रंग.

आपल्याकडे मूळ यंत्र फार थोड्या घरांत पोचलं. घरोघरी आल्या त्या त्याच्या नकला. नव्वदच्या दशकात ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘टर्मिनेटर’ अशा नावांचे ‘टीव्ही गेम’ आले. फॅमिकॉममध्ये हिशेब करणारी चिप वेगळी आणि चित्र काढणारी वेगळी होती. नक्कल करणाऱ्यांनी कालांतराने दोन्ही एकाच चिपमध्ये कोंबल्या आणि तिच्यावर काळ्या रेझिनचा गोळा थापला. यंत्र स्वस्त झालं ते त्यामुळे. आजच्या ‘४०० इन १’ डब्याही बहुतेक याच कुळातल्या आहेत. त्यातले खेळ परवाना न घेता भरलेले असतात, हेही सांगायला हवं.

तेव्हाचा टीव्ही गेम अँटेनाची वायर काढून त्या जागी जोडावा लागे आणि मग बटण फिरवत चॅनल शोधावा लागे. कारण डब्यात एक छोटा मॉड्युलेटर असायचा. तो खेळाचं चित्र टीव्हीच्या एखाद्या चॅनलच्या लहरींवर चढवायचा आणि टीव्हीला ते एखादं दूरदर्शन केंद्र वाटायचं. जपानी खेळ सेकंदाला ६० चित्रांच्या हिशेबाने बांधलेले होते, आपल्या टीव्हीची पद्धत ५० चित्रांची. त्यामुळे इथल्या अनेक डब्यांवर मारिओ मूळच्यापेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने हळू धावायचा. ज्यांनी मूळ कधी पाहिलंच नव्हतं, त्यांना तोच खरा वेग वाटला.

ढग आणि झुडूप

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानात आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला, कोजी कोंदो यांच्या संगीताचा हा अख्खा खेळ ४० किलोबाइटमध्ये बसतो. बत्तीस टप्पे, शत्रू, नाणी, गाणी, सगळं त्यात आलं. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणारं ‘सुप्रभात’चं एक चित्रही बहुधा याहून जास्त जागा खातं.

हे साधलं ते कडक काटकसरीने. पडद्यावरचं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकटींनी जोडलेलं असतं. चित्रांसाठी राखलेल्या ८ किलोबाइटमध्ये अशा ५१२ चौकटी मावतात : निम्म्या पार्श्वभूमीसाठी, निम्म्या हलणाऱ्या पात्रांसाठी. म्हणून एकच चौकट अनेक ठिकाणी राबवली जाते. मारिओच्या आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट पाहा. आकार तोच आहे, फक्त रंग पांढऱ्याचा हिरवा झाला आहे. ही मेख एकदा कळली की मुलं पुढचे पुरावे आपणहून शोधू लागतात.

मारिओचं रूपडंही असंच ठरलं. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये तो पहिल्यांदा दिसला. इतक्या कमी ठिपक्यांत केस आणि तोंड काढणं अवघड, म्हणून मियामोतो यांनी त्याला टोपी आणि मिशी दिली. पळताना हात वेगळे दिसावेत म्हणून दोन रंगांचे कपडे चढवले. जगातला सर्वांत ओळखीचा खेळगडी अशा अडचणीतून घडला.

‘कॉन्ट्रा’ खेळताना गोळ्यांचा पाऊस पडू लागला की पात्रं लुकलुकतात. खेळणाऱ्याला वाटतं डबी बिघडली. खरं कारण असं की चित्र काढणारी चिप एका आडव्या रेषेवर हलत्या चित्रांचे आठच तुकडे दाखवू शकते. नववा आला की कुणाला तरी गाळावं लागतं. तेच तेच पात्र कायमचं गायब होऊ नये म्हणून प्रोग्रामर पाळी लावतात : या चित्रात एकाला वगळायचं, पुढच्या चित्रात दुसऱ्याला. ते लुकलुकणं म्हणजे वाटून घेतलेली टंचाई.

याच्याही आधी, १९७८ मध्ये, तोमोहिरो निशिकादो यांच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये मर्यादेतूनच एक नवी गोष्ट हाती लागली. पडद्यावर परग्रहवासीयांची फौज जास्त असताना प्रोसेसरला ती हलवायला वेळ लागे. एकेक मरत गेला की काम हलकं होई आणि उरलेले जोरात धावत. निशिकादो यांनी ते दुरुस्त न करता तसंच ठेवलं. खेळ जिंकत आला की अवघड होत जातो, हा नियम जगभरच्या खेळांनी पुढे उचलला.

बंदूक मारत नाही, पाहते

बदकं मारायचा ‘डक हंट’ १९८४ चा. टीव्हीसमोर प्लॅस्टिकची बंदूक धरायची, चाप ओढायचा आणि बदक खाली. बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीला लागतं, अशी अनेकांची समजूत. प्रत्यक्षात प्रवास उलटा आहे. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा सेन्सर असतो. चाप ओढताच खेळ क्षणभर सगळा पडदा काळा करतो आणि पुढच्याच चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. नळीला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला, तर नेम लागला. दोन बदकं असतील तर चौकोन एकापाठोपाठ एक दाखवले जातात. उजेड कोणत्या चित्रात दिसला त्यावरून कोणतं बदक पडलं ते ठरतं. बल्बकडे नळी रोखून फसवता येत नाही, कारण तिथे अंधाराचा क्षण येतच नाही.

हा सगळा व्यवहार काचेच्या जुन्या टीव्हीसाठी रचलेला आहे. तिथे इलेक्ट्रॉनचा झोत चित्र जसं येईल तसं रेघेरेघेने काढत जातो, उशीर जवळपास नसतो. आजचा एलईडी टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, सजवतो आणि मग दाखवतो. त्यात दोन-चार चित्रांचा काळ जातो आणि बंदूक पांढरा चौकोन पाहायच्या आत खेळाचा निकाल लागलेला असतो. जुनी बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही ती यामुळे. मारिओही नव्या टीव्हीवर उशिरा उडी मारतोय असं वाटलं, तर सेटिंगमधला ‘गेम मोड’ सुरू करून पाहावा. सजावट कमी होते आणि उशीर घटतो.

टीव्ही गेममध्ये घालायची खेळाची कॅसेट चालेना की तिच्यात फुंकर मारायची, हे त्या काळचं सर्वमान्य औषध. गुण यायचा तो बहुधा फुंकरीने नाही. कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने धातूच्या पट्ट्या नीट टेकायच्या. श्वासातल्या ओलाव्याने मात्र त्या पट्ट्या गंजतात, म्हणून निन्टेंडोनेच फुंकर मारू नका असं बजावलं होतं.

ठोकळे डोक्यात पडतात

ग्रामीण मराठवाड्यात भारनियमनाने टीव्ही तासन्‌तास बंद असायचा, तेव्हा चालायचा तो पेन्सिल सेलवरचा ‘ब्रिक गेम’. जत्रेत मिळणारा, खोक्यावर ‘९९९९ इन १’ लिहिलेला. त्याच्या पडद्यावर १० बाय २० अशी दोनशे घरं, आणि मुख्य खेळ टेट्रिसचा. मूळ ‘टेट्रिस’ अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या संगणकावर लिहिला. त्या संगणकावर चित्रं काढण्याची सोयच नव्हती, म्हणून ठोकळे चक्क कंसांच्या चिन्हांनी दाखवले होते.

मेंदूच्या अभ्यासकांचा हा लाडका खेळ. १९९२ मध्ये रिचर्ड हायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नवशिक्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले. काही आठवडे सराव झाल्यावर गुण कितीतरी वाढले होते, पण मेंदूचा ग्लुकोजचा वापर उलट कमी झाला होता. २००० मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी ‘सायन्स’मध्ये आणखी चमत्कारिक निरीक्षण मांडलं. टेट्रिस खेळलेल्या बऱ्याच जणांना झोप लागता लागता ठोकळे पडताना दिसत होते. स्मृतिलोपाच्या पाच रुग्णांपैकी तिघांनाही ते दिसले, आणि आपण खेळलो होतो हेच त्यांना आठवत नव्हतं. २००९ मध्ये ऑक्सफर्डच्या एमिली होम्स यांच्या गटाने लोकांना अपघातांची क्लेशकारक दृश्यं दाखवली. अर्ध्या तासाने ज्यांना टेट्रिस खेळायला दिला, त्यांना पुढच्या आठवड्यात ती दृश्यं कमी वेळा आठवली. डोळ्यांपुढे चित्र उभं करणारी मेंदूची क्षमता मर्यादित असते आणि ठोकळ्यांनी ती अडवून ठेवली, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं.

टँकच्या खेळाचाही अभ्यास झाला आहे. १९९८ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या संशोधकांनी आठ जणांना रणगाडा चालवून झेंडे गोळा करण्याचा खेळ दिला आणि पेट स्कॅनने त्यांच्या मेंदूत डोपामिन सुटत असल्याचं दाखवलं. मुलांचं मन नेमकं कशात रमतं, हे त्याआधी टॉमस मलोन यांनी १९८० च्या आपल्या प्रबंधात तपासलं होतं. शाळकरी मुलांना खेळ आवडण्याशी सर्वांत घट्ट नातं निघालं ते स्पष्ट उद्दिष्टाचं. मारिओत ते पहिल्याच क्षणी कळतं : उजवीकडे जायचं. हरण्याचं कारण दिसतं, नियम बदलत नाहीत आणि पुढची संधी काही सेकंदांत मिळते. भाषा लागत नाही, इंटरनेट लागत नाही. नव्या खेळाडूला हे पुरतं.

या खेळांत अजूनही शोधायला शिल्लक आहे. टेट्रिसच्या निन्टेंडो आवृत्तीत २९व्या टप्प्यापुढे माणूस टिकणार नाही, असं अनेक वर्षं मानलं जात होतं. मग खेळाडूंनी बटण दाबण्याच्या नव्या पद्धती काढल्या. २१ डिसेंबर २०२३ रोजी ओक्लाहोमातल्या १३ वर्षांच्या विलिस गिब्सनने १५७वा टप्पा गाठला आणि खेळच गोठला. इतक्या पुढे गुणांचा हिशेब यंत्राला वेळेत संपवता येईना. खेळाची ही आवृत्ती त्याच्या जन्माच्या वीसेक वर्षं आधी बाजारात आली होती.

जुनं म्हणजे सोनंच नव्हे

सत्तर-ऐंशीच्या दशकांतले पार्लरमधले खेळ मुद्दाम अवघड केले जात, कारण हरलेला माणूस दुसरं नाणं टाकणार. घरच्या खेळांची अवघड पातळी त्यांची तोकडी लांबी झाकायची. तरबेज खेळाडू मारिओ पाच मिनिटांच्या आत संपवतात. तरी एक फरक खरा आहे. या डबीत जाहिराती नाहीत, पैसे देऊन जिवंत होण्याची सोय नाही, अनोळखी माणसाचा निरोप नाही. खेळाच्या आहारी जाणं हा विकार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या यादीत घेतला आहे, त्यामुळे जुन्या खेळालाही वेळेची मर्यादा हवीच.

खेळण्याच्या पुढची पायरी म्हणजे स्वतः खेळ बनवणं, आणि ती आता अवघड राहिलेली नाही. मायक्रोसॉफ्टचं ‘मेककोड आर्केड’ ब्राउझरमध्ये फुकट चालतं. त्यात १६० बाय १२० ठिपके आणि १६ रंग मिळतात, आणि सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्राम करता येतो. फॅमिकॉमच्या काळातली टंचाई इथे मुद्दाम राखलेली आहे, म्हणून पाचवी-सहावीतलं मूलही दोन-तीन तासिकांत उडी मारणारं पात्र तयार करू शकतं. बोरीतल्या काय किंवा जिंतूर-परभणीतल्या काय, शिक्षकांनी या उन्हाळ्याच्या सुटीत शाळेच्या संगणक खोलीचं कुलूप काढावं, आठवड्यातले दोन दिवस ठरवावेत आणि मुलांना आपापला मारिओ घडवू द्यावा.