थंडींत शेततळ्यांत उतरणारानें वेडर कसा निवडावा?

शेततळ्यांत पाण्याबरोबर माशांचेंहि पीक घेण्याचा प्रघात अलीकडे बराच वाढला आहे. सन २०१६ मध्यें राज्य सरकारनें ‘मागेल त्याला शेततळें’ ही योजना काढल्यापासून ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद व ३ मीटर खोल अशीं तळीं गांवोगांव दिसूं लागलीं. रोहू, कटला व मृगळ हे मासे त्यांत सोडतात. पाणी गार पडलें म्हणजे हे मासे खाणें कमी करतात व त्यांची वाढ मंदावते. यास्तव विक्रीजोगा झालेला माल हिवाळ्यांतच काढून घेणें पुष्कळांस सोयीचें वाटतें. माल बाजारांत ताजा पोंचावा म्हणून जाळें ओढावयाचें तें पहांटे. निफाडसारख्या भागांत तर कांहीं रात्रीं पारा ५ अंशांच्याहि खालीं जातो. अशा वेळीं गुडघाभर धोतर वर खोचून पाण्यांत उतरणारा गडी तासाभरांत काकडून जातो.

याचें कारण उघड आहे. पाणी अंगांतील ऊब हवेपेक्षां सुमारें २५ पट वेगानें ओढून नेतें. बधिर झालेल्या पायास तळ लागत नाहीं, आणि बधिर बोटांस दोर धरवत नाहीं. म्हणजे थंडी ही केवळ गैरसोय नसून अपघाताची पहिली पायरी आहे. यावर उपाय म्हणून बुटासह छातीपर्यंत येणारी जलरोधक तुमान मिळते. तिलाच बाजारांत ‘वेडर’ म्हणतात.

रबरी पायताण शेतकऱ्यास परकें नाहीं. चार्लस गुडइयर यानें सन १८४४ मध्यें रबर टिकाऊ करण्याच्या कृतीचें पेटंट घेतलें. त्या कृतीच्या आधारें सन १८५३ मध्यें हायरम हचिन्सन यानें फ्रान्समध्यें रबरी बुटांचा कारखाना घातला. लाकडी पायताणें घालून चिखलांत राबणारे तेथील शेतकरी हें त्याचें मोठें गिऱ्हाईक होतें. वेडर हा त्याच बुटाचा वाढविलेला अवतार समजावा.

कापड कोणतें? वेडर मुख्यतः तीन प्रकारच्या कापडांचे असतात. पहिला प्रकार रबर अगर प्लास्टिकचा लेप दिलेल्या कापडाचा. हा स्वस्त व दणकट असतो, परंतु त्यास स्वतःची ऊब नाहीं व आंतील घाम बाहेर जात नाहीं. दुसरा निओप्रीन नांवाच्या फेसाळ कृत्रिम रबराचा. यांत बारीक बंद बुडबुडे असल्यामुळें तो घोंगडीप्रमाणें ऊब धरून ठेवतो. मात्र ऊन चढल्यावर त्यांत उकडतें व किंमतहि अधिक पडते. तिसरा प्रकार पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या पातळ कापडाचा. तो चालण्यास सुखकर खरा, पण ऊब आंतल्या कपड्यांनींच आणावी लागते, व कांट्याकुपाट्यांत तो लवकर फाटतो. वर्षांतून चारदोन वेळां जाळें ओढणारास पहिला प्रकार पुरे. जो रोज पहांटे तासन् तास पाण्यांत उभा राहतो त्यानेंच निओप्रीनचा खर्च करावा.

आंत सुती मोजे घालूं नयेत. सूत भिजलें म्हणजे गारठतें. लोंकर ओली झाली तरी ऊब टाकीत नाहीं, हें घोंगडी पांघरून पावसांत राखण करणारास सांगावयास नको.

माप कसें घ्यावें? बूट तुमानीस जोडलेलेच असावेत. ते चटकन काढतां येतात, व त्यांस बंद नसल्यानें पाय आवळत नाहीं. लोंकरी मोजे घालूनच माप पाहावें. बूट घट्ट झाला तर रक्त खालीं उतरत नाहीं व मोजे दुहेरी असूनहि पाय गार पडतो. फार सैल झाला तर चिखल त्यास धरून ठेवतो. मीं अंदाजानें एक नंबर मोठा जोड आणला होता. गाळांत पाऊल रुतलें तें उचलतांना टांच बुटांतून वर आली आणि मी पाण्यांत बसलों! दुकानांतच उकिडवें बसून व एक पाय खुर्चीवर ठेवून पाहावें. गुडघ्याशीं वा काखेंत कापड ताणूं नये.

तळवा. खडकाळ नदीसाठीं लोखंडी खिळ्यांचे तळवे मिळतात. ते अस्तर घातलेल्या तळ्यांत कदापि नेऊं नयेत. एका पावलानें अस्तरास भोंक पडून तळें गळूं लागेल. नमद्याचा तळवाहि नको. तो ओल व त्यांतील जंतु एका तळ्यांतून दुसऱ्यांत नेतो. याच कारणानें न्यूझीलंडनें सन २००८ मध्यें मासेमारींत त्यावर बंदी घातली. खोल खांचांचा रबरी तळवा आपणांस योग्य.

जिवाची गोष्ट. महसूल खात्यांत कारकून असतां शेततळ्यांत बुडून मेलेल्यांचीं प्रकरणें माझ्या हातांखालून जात. नांवें निराळीं, गांवें निराळीं, पण पंचनाम्यांतील मजकूर बहुधा एकच: पाय घसरला, अस्तरावरून वर येतां आलें नाहीं. शेवाळलेल्या ओल्या प्लास्टिकवर कोणताहि तळवा टिकत नाहीं, मग वेडर कितीहि उंची असो. वेडरांत पाणी भरलें म्हणजे माणूस दगडासारखा बुडतो, ही समजूत मात्र खरी नव्हे. पाण्यांत असेपर्यंत आंतल्या पाण्याचा भार जाणवत नाहीं. परंतु पोहणें जड होतें, आणि काठावर चढतांना तोच सारा भार अंगावर येतो. म्हणून पुढील नियम पाळावेत.

१. पंपानें पाणी आधीं कंबरेइतकें उतरवावें, मगच माणूस आंत जावा.
२. कंबरेस पट्टा घट्ट बांधावा. पडल्यास आंत शिरणारें पाणी त्यानें पुष्कळ रोखलें जातें.
३. काठावरील खुंटास बांधलेला गांठींचा दोर तळापर्यंत सोडलेला असावा व हवा भरलेली टायरची ट्यूब जवळ असावी.
४. एकट्यानें उतरूं नये. काठावर एक माणूस केवळ पाहण्यासाठींच ठेवावा.

निगा. काम झाल्यावर वेडर स्वच्छ धुवून, आंतूनबाहेरून पूर्ण सुकवून, सावलींत उलटा टांगावा. उन्हानें रबर तडकतें. विजेच्या मोटारीजवळहि तो ठेवूं नये, कारण तेथें उत्पन्न होणारा ओझोन वायु रबर खातो. भोंक शोधावयाचें तर अंधाऱ्या खोलींत आंत बॅटरी लावावी. प्रकाश ठिपक्यानें बाहेर दिसतो. रबरी बुटाचें लहान भोंक सायकलच्या पंक्चरप्रमाणें बुजवितां येतें.

मासे एक दिवस उशिरां निघाले तर भाव थोडा कमी येईल. तेवढें नुकसान भरून काढतां येतें. यास्तव वेडर विकत घेण्यापूर्वीं चार हात दोर घ्यावा, व तो आजच तळ्यांत सोडावा, एवढीच वाचकांस विनंति.