मागच्या फळीचा मानकरी

फुटबॉलच्या खेळात गोल करणाऱ्याचे नाव सर्वतोमुखी होते. गोल होऊ न देणाऱ्याची आठवण क्वचितच निघते. काचीगुड्यात राहणाऱ्या आम्हांस मात्र अशा एका बचावपटूची कथा विशेष जवळची वाटते. कारण तिच्यातील गुरू सय्यद अब्दुल रहीम हे एके काळी येथील मिडल स्कुलात शिक्षक होते. पुढे ते हैदराबाद शहर पोलीस संघाचे व भारतीय संघाचे मार्गदर्शक झाले.

जर्नेलसिंग हा त्यांच्या भारतीय संघातील पंजाबी बचावपटू. १९६२ साली जकार्ता येथील आशियाई स्पर्धेत थायलंडविरुद्ध खेळताना त्याच्या डोक्यास जखम झाली व टाके घालावे लागले. पुढील सामना त्याला मुकावा लागला. परंतु उपान्त्य सामन्यात रहीमसाहेबांनी त्यास चक्क आघाडीला उभे केले! त्या सामन्यात त्याने गोल केला, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही केला. भारताने २-१ असा विजय मिळवून सुवर्णपदक पटकाविले.

११ जून १९६३ रोजी कर्करोगाने रहीमसाहेबांचे निधन झाले. जर्नेलसिंगास १९६४ साली अर्जुन पुरस्कार लाभला. भारताचे कर्णधारपदही त्याच्याकडे आले. २००० साली कॅनडात त्याची जीवनयात्रा संपली.

वाचकहो, आपल्याही घरात कोणी वर्षानुवर्षे मागच्या फळीत निमूटपणे उभे असेल. त्याचे सामर्थ्य ओळखून त्यास एकदा पुढे बोलाविणारा शिक्षक आपण होऊ काय?