शटरला कुलूप लावण्यापूर्वी

रात्री रायपूरच्या गोलबाजारात आणि मालवीय रोडवर शटर खाली ओढल्याचा खडखडाट सुरू होतो. गल्ला मोजून झालेला असतो, देवासमोरची उदबत्ती विझत आलेली असते. मालक दोन्ही बाजूंना कुलपे लावतो, एकदा ओढून पाहतो आणि घरची वाट धरतो. चोर आत शिरू नये याची पूर्ण काळजी घेतलेली असते. पण आतल्या माणसाला बाहेर पडता येईल का, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनातही येत नाही.

आत माणूस असतो का? पुष्कळदा असतो. गावाकडून आलेला पोऱ्या पोटमाळ्यावर झोपतो, पहाटे भट्टी पेटवायची म्हणून कारागीर रात्रीच मुक्काम करतो. त्याचे खोलीचे भाडे वाचते आणि मालकाला फुकटचा राखणदार मिळतो. सौदा दोघांनाही सोयीचा वाटतो.

असाच सौदा पुण्याच्या कोंढव्यातील एका बेकरीत होता. ३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली, तेव्हा सहा कामगार पोटमाळ्यावर झोपलेले होते आणि शटरला बाहेरून कुलूप होते. सहाही जण गेले. त्यानंतर अडीच वर्षांच्या आतच, ९ मे २०१९ रोजी, पुण्याजवळच्या उरुळी देवाची येथे साड्यांच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत झोपलेले पाच कामगार मरण पावले. तिथेही दार बाहेरून बंद होते. कुलूप चोरासाठी होते, अडकला तो आपलाच माणूस.

रायपूरकरांना अशी आठवण काढायला पुण्यापर्यंत जाण्याची गरज नाही. १७ एप्रिल २०२१ रोजी, कोरोनाची दुसरी लाट भरात असताना, शहरातील राजधानी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली आणि किमान पाच रुग्ण दगावले. त्यातील बहुतेकांचा जीव ज्वाळांनी नव्हे, तर गुदमरून गेला. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे तळमजल्यावरील कपड्यांचे दुकान पेटले. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील सात जणांचा धुराने बळी घेतला. प्लॅस्टिक, फोम, नायलॉनचे कापड यांचा धूर दोन-चार मिनिटांत माणसाला बेशुद्ध करतो, आणि झोपलेल्याला तर त्याचा वासही जागे करतोच असे नाही. म्हणून खाली दुकान आणि वर घर असलेल्यांनी हे प्रकरण दुसऱ्याचे समजू नये.

मग जबाबदारी कुणाची? या प्रश्नावर भाडेकरू घरमालकाकडे बोट दाखवतो आणि घरमालक भाडेकरूकडे. वायरिंग जुने म्हणून एक ओरडतो, त्यावर एसी कुणी चढवला म्हणून दुसरा. महाराष्ट्रात २००६ चा अग्निप्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या इमारतींच्या मालकाला किंवा भोगवटादाराला अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. छत्तीसगडचे नियम वेगळे आहेत. आपल्या जागेला काय लागू होते ते अग्निशमन विभागात जाऊन विचारावे. पण लहानशा गाळ्याला प्रमाणपत्र लागत नसले, तरी निष्काळजीपणामुळे माणूस मेला तर फौजदारी गुन्हा दाखल होऊ शकतो. भाडेकरारात वायरिंग, जिना आणि मागचे दार कुणी सांभाळायचे हे दोन ओळींत लिहून घेतले, तर निदान वाद तरी मिटतो.

आता दुकानाकडे जरा परक्याच्या नजरेने पाहा. जिन्याखाली मीटरचा बोर्ड आणि त्यालाच टेकून रिकाम्या खोक्यांची चळत, हे दृश्य आपल्या बाजारपेठांत इतके नेहमीचे आहे की ते खटकतही नाही. मीटर घेतला तेव्हा दोन ट्यूबलाइट आणि एक पंखा होता. आज त्याच तारांवर फ्रीज, इन्व्हर्टर आणि एसी चालतात. सतत एमसीबी पडतो म्हणून जास्त क्षमतेचा बसवून घेणारे महाभागही आहेत! तो पडतो हीच त्याची सूचना असते. वायरमनला बोलावून तारा बदलून घ्याव्यात आणि मंजूर भार वाढवून घ्यावा.

आग विझवण्याचे नळकांडे बहुतेकांकडे असते, पण काउंटरमागे, पोत्यांच्या आड. ते दाराजवळ हवे. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे महिन्यातून एकदा पाहावे. पिन ओढायची आणि फवारा ज्वाळेच्या शेंड्यावर नव्हे, बुडावर मारायचा, हे मालकाइतकेच पोऱ्यालाही माहीत हवे. लहान नळकांडे काही सेकंदांतच रिकामे होते. तेवढ्यात आग आटोक्यात आली नाही, तर बाहेर पळायचे.

लहान उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही विमा पॉलिसी आहे. पाच कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता तिच्यात येते. दिवाळीपूर्वी माल दुप्पट भरला, तर विम्याची रक्कमही तपासून घ्यावी.

आत कुणी झोपणार असेल, तर बाहेरून कुलूप लावूच नये. शटरशिवाय आणखी एक दार असावे, त्याला आतून किल्लीविना उघडणारी कडी असावी, आणि त्यासमोर माल रचू नये. दुसरे दार काढणे शक्यच नसेल, तर त्या माणसाची झोपायची सोय दुसरीकडे करावी. त्याचे भाडे मालकाने दिले, तरी ते दुकानाच्या खर्चातच धरावे.

आणि १०१ ला फोन करताना दुकानाचे नाव सांगत बसू नका. जवळचा चौक कोणता आणि गाडी कोणत्या बाजूने आत येऊ शकेल, ते आधी सांगा.