एक बंदूक, दोन नळ्या

जत्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडण्याचा खेळ आपण सर्वांनी पाहिलेला असतो. नेम बरोबर फुग्यावर धरावा आणि छर्रा भलतीकडेच जावा, हा अनुभवही नेहमीचाच. दोष नेमबाजाचा की बंदुकीचा? एका वेगळ्या बंदुकीकडे पाहिले तर याचे उत्तर मिळते आणि वर्गात हमखास होणारी एक चूकही उघडी पडते.

अमेरिकेत बीमन कंपनीच्या काही एअर रायफली दोन नळ्यांसह मिळतात. एक नळी ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर व्यासाची, दुसरी ०.२२ इंच म्हणजे ५.५ मिलिमीटरची. दस्ता, चाप, स्प्रिंग आणि नेम धरायची दुर्बीण तीच. नळी तेवढी बदलायची. यांपैकी लहान छर्रा आपल्या परिचयाचा आहे. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्राने १० मीटर एअर रायफलीत सुवर्णपदक मिळवले, ते ४.५ मिलिमीटरच्या छऱ्यांनीच.

समजा, लहान नळी बसवून २० मीटरवरच्या लक्ष्याच्या मध्यावर नेम जुळवला. मग दुर्बिणीला हात न लावता मोठी नळी बसवली. आता छर्रे मध्याच्या सुमारे अडीच सेंटिमीटर खाली लागतील. असे का, हे विद्यार्थ्यांना विचारा. ‘मोठा छर्रा जड, म्हणून जास्त पडतो,’ असे उत्तर लगेच येईल. ते पटण्यासारखे वाटते. पण जड व हलक्या वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात, हा गॅलिलिओचा धडा आपण त्याच मुलांना शिकवलेला असतो!

खरे कारण आहे वेळ. स्प्रिंग एकच असल्याने दोन्ही छऱ्यांना मिळणारी ऊर्जा साधारण सारखीच धरू. लहान छर्रा अर्ध्या ग्रॅमचा आणि त्याचा वेग सेकंदाला २५० मीटर असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे १५.६ ज्यूल होते. तेवढ्याच ऊर्जेत ०.९ ग्रॅमच्या मोठ्या छऱ्याला सेकंदाला १८६ मीटर एवढाच वेग मिळतो. २० मीटर जायला पहिल्याला ०.०८ सेकंद लागतात, दुसऱ्याला ०.१०७५ सेकंद. आता ‘अर्धा गुणिले g गुणिले वेळेचा वर्ग’ हे सूत्र वापरा. पहिला ३.१ सेंटिमीटर पडतो, दुसरा ५.७ सेंटिमीटर. म्हणजे जड छर्रा जास्त पडतो हे खरे, पण तो जड म्हणून नव्हे, तर सावकाश जातो आणि पडायला त्याला जास्त वेळ मिळतो म्हणून.

हे गणित हवेचा अवरोध सोडून केले आहे. तो धरला तर दोन्ही छर्रे आणखी थोडे पडतील.

मग ‘नेम जुळवणे’ म्हणजे नेमके काय? दुर्बीण नळीच्या चारेक सेंटिमीटर वर असते. त्यामुळे नजरेची रेषा सरळ, तर छऱ्याचा मार्ग खालून वर येऊन पुन्हा खाली वाकणारा. ठरलेल्या अंतरावर या दोन रेषा एकमेकींना भेटाव्यात अशा बेताने दुर्बीण फिरवायची. आपल्या उदाहरणात लहान नळीचा नेम २० मीटरवर अचूक असेल, तर १० मीटरवर तोच छर्रा सव्वा सेंटिमीटर खाली लागतो. जवळचे लक्ष्य सोपे, असे समजणारा इथेच फसतो.

एका छऱ्यावरून दुर्बीण कधीच फिरवू नये. पाच छर्रे मारावेत, त्यांचा मध्य काढावा आणि मगच फिरवावी. पुष्कळ दुर्बिणींचा स्क्रू टिकटिक करत फिरतो व दर टिकेला एका अंशाचा २४० वा भाग सरकतो. २० मीटरवर हा भाग सुमारे दीड मिलिमीटरचा. म्हणजे आपली अडीच सेंटिमीटरची चूक १७ टिकांत दुरुस्त होते. नवी नळी तंतोतंत जुन्या दिशेने बसेलच असे नाही, म्हणून डावी-उजवी बाजूही तपासावी लागते. प्रत्येक नळीच्या टिका वहीत लिहून ठेवाव्यात.

एअर रायफल खेळणे नव्हे. ती कोणाकडेही रोखू नये, लक्ष्यामागे छर्रा अडवणारा भक्कम आडोसा असावा, डोळ्यांवर चष्मा असावा. छर्रे शिशाचे असतील तर नंतर हात धुवावेत.

वर्गात मात्र बंदुकीची गरजच नाही. वायरिंगच्या पट्टीची घसरगुंडी करा. तिचे खालचे टोक टेबलाच्या कडेला आडवे ठेवा. कडेपासून ३० सेंटिमीटरवर एक पुठ्ठा उभा करून त्यावर कार्बन पेपर लावा. २० सेंटिमीटर उंचीवरून काचेची गोटी सोडा, मग तेवढ्याच आकाराची पोलादी गोळी सोडा. दोन्हींच्या खुणा जवळपास एकाच जागी उमटतील! आता गोटी १० सेंटिमीटरवरून सोडा. वेगाचा वर्ग निम्मा होतो आणि खूण जवळपास दुप्पट खाली जाते.

‘जड म्हणून’ हे उत्तर मुलांनी स्वतःच खोडलेले पाहण्यात वेगळाच आनंद आहे. आणि पुढच्या जत्रेत फुगा चुकला, तर बंदुकीला बोल लावण्याआधी तिचा नेम कोणत्या अंतरासाठी जुळवला आहे, हे ती विचारतील.