चाकाची धाव

पहाटे शेताला निघण्यापूर्वी, बैल जुंपण्याच्या आधी, बंडीवाला शेतकरी चाकांवरून एकदा नजर फिरवितो. आखाला वंगण आहे की नाही, आरे खिळखिळे झाले नाहीत ना, आणि मुख्य म्हणजे चाकावर चढविलेली लोखंडी धाव सैल पडली नाही ना, हे तो पाहून घेतो. धाव निसटली तर लाकडी चाक उकलते आणि भरली बंडी वाटेतच बसते, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक असते. मोटारीच्या मालकाची रीत मात्र पुष्कळदा निराळी दिसते. गाडीचे अंग तो पुसून आरशासारखे लखलखीत करतो, पुढे लिंबूमिरची बांधतो, दसऱ्याला झेंडूच्या माळा घालतो. पण चाकाकडे त्याचे लक्ष वर्षातून एकदाच, पूजेचे लिंबू त्याखाली ठेवताना जाते. लिंबाला नाव ठेवण्याचे कारण नाही. परंतु त्याच चाकात हवा किती आहे, हेही त्या वेळी पाहिले असते तर पूजा अधिक सार्थ झाली असती.

मुकुटबन हे यवतमाळ जिल्ह्याच्या झरी जामणी तालुक्यातील गाव. दक्षिणेस पैनगंगा वाहते आणि तिच्या पलीकडे तेलंगण सुरू होते. ह्या भागात वर कापसाची काळी जमीन आहे आणि पोटात चुनखडी व दगडी कोळसा. २०२२ मध्ये येथे सिमेंटचा मोठा कारखाना सुरू झाला. ह्या साऱ्यामुळे वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाची बंडी, शाळेला निघालेली सायकल, मोटारसायकल, घरची लहान मोटार आणि मालाने भरलेला अवजड ट्रक ही सर्व एकाच डांबरी पट्ट्यावरून चालतात. अशा रस्त्यावर वेगाने जाता येणे ही फुशारकीची गोष्ट नव्हे. वेळेवर थांबता येणे, हीच तेथे चालकाची खरी परीक्षा होय.

गाडी थांबते कशी? चालक ब्रेक दाबतो म्हणून, असे उत्तर कोणीही देईल. पण ते अर्धेच उत्तर आहे. ब्रेक थांबवितो तो चाकाला. गाडीला थांबविते ती जमीन. चाकावरचे रबर जमिनीला घट्ट धरून ठेवते, म्हणूनच चाकाला घातलेला अडसर गाडीच्या उपयोगी पडतो. ही पकड नसेल, तर चाक जागच्या जागी थांबेल आणि गाडी मात्र शेवाळावर पाय घसरावा तशी पुढे घसरत जाईल.

ही पकड किती जागेवर असते, हे पाहण्यासाठी एक सोपे गणित पुरे आहे. लहान मोटारीचे वजन १,००० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर सुमारे २५० किलो भार येतो. टायरमध्ये साधारण ३३ पौंड हवा भरतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो दाब. २५० ला २.३ ने भागले की उत्तर येते सुमारे १०८ चौरस सेंटिमीटर. टपालाच्या पोस्टकार्डाहूनही ही जागा थोडी लहानच आहे. अशा चार तळहातांएवढ्या तुकड्यांवर संपूर्ण मोटार, तिच्यातील आईवडील, मुले, सामान आणि त्यांचा वेग ही सर्व उभी असतात. मोटारसायकलीला तर असे दोनच तुकडे मिळतात, आणि तेही याहून लहान.

बंडीची धाव लोखंडाची, मोटारीची रबराची, एवढाच भेद असता तर गोष्ट सोपी होती. परंतु मोटारीच्या धावेचे बळ रबरात जितके आहे, तितकेच तिच्या पोटातील हवेत आहे. बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप ह्या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेने भरलेली रबरी नळी चाकावर बसविली आणि १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले. दगडगोट्यांचे धक्के त्या हवेने पोटात घेतले. तेव्हापासून गाडीचा भार तोलण्याचे मुख्य काम हवाच करीत आली आहे. म्हणून हवा कमी झाली की टायर दमतो.

तो दमतो कसा, हे घरी पाहता येते. लोखंडाची बारीक तार एकाच ठिकाणी भराभर दहावीस वेळा मागेपुढे वाकवावी आणि वाकलेल्या जागी हळूच बोट लावावे. ती जागा गरम लागते, आणि आणखी वाकवीत राहिल्यास तार तुटते. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अशाच प्रमाणाबाहेर वाकतात. लहान मोटारीचे चाक एका किलोमीटरमध्ये साडेपाचशेहून अधिक वेळा फिरते. तितक्याच वेळा ते रबर वाकते, तितक्याच वेळा थोडे थोडे तापते. यवतमाळच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो, आणि डांबर तर त्याहूनही कितीतरी अधिक तापते. आतून उष्णता, खालून उष्णता, वर गाडीत भरलेले सारे बिऱ्हाड आणि जोडीला वेग; अशा वेळी दुबळा टायर फुटला तर नवल कसले?

येथेच एक घातक समजूत सांगितली पाहिजे. उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून टायरमध्ये थोडी कमीच भरावी, असे पुष्कळ जण मानतात. हवा तापली की दाब वाढतो हे खरे. पण तो वाढ सोसण्याच्या हिशेबानेच टायर घडविलेला असतो. मुद्दाम हवा कमी ठेवणे म्हणजे टायरला अधिक वाकविणे, आणि अधिक वाकविणे म्हणजे अधिक तापविणे. जे टाळण्यासाठी हा उपाय केला, तेच त्यातून ओढवते. किती हवा भरावी, हे बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेल्या कागदावर छापलेले असते. ती सकाळी, गाडी दूरवर चालण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावी. प्रवासात तापलेल्या टायरमधील हवा सोडू नये. हवा जास्त भरणेही बरे नव्हे. तसे केल्यास टायरचा मध्यभाग फुगतो, कडा उचलल्या जातात आणि आधीच लहान असलेली पकड आणखी आक्रसते.

टायरवर ज्या खाचा असतात, त्या शोभेच्या नव्हेत. पावसात रस्त्यावरचे पाणी ह्या खाचांतून बाजूला फेकले जाते आणि रबर जमिनीला टेकते. खाचा झिजून गेल्या की पाण्याला वाट उरत नाही. वेग अधिक असेल तर चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते, आणि मग सुकाणू फिरविले काय आणि न फिरविले काय, सारखेच! मोटारीच्या टायरची खाच निदान १.६ मिलिमीटर खोल असलीच पाहिजे. फुटपट्टीवरील बारीक रेघांची दोन घरेसुद्धा नाहीत ती! खाचांच्या तळाशी अधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजत झिजत त्यांच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य संपले, असे समजावे. बाजूच्या भिंतीवर चार आकडे उठविलेले असतात. ‘२३२२’ असे असल्यास तो टायर २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. उन्हाने रबर वाळते आणि त्याला बारीक चिरा पडतात, म्हणून कमी चाललेला टायरही जुना झाला की जाणकारास दाखवावा.

मागे ठेवलेल्या जादा चाकाचे नाव ‘स्टेपनी’ कसे पडले, ही मोठी गमतीची कथा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी वेल्समधील लॅनेली ह्या गावी स्टेपनी नावाच्या रस्त्यावर असे जादा चाक तयार होऊ लागले. ते गाव कोठे आणि मुकुटबन कोठे! पण रस्त्याचे ते नाव आज आपल्याकडील प्रत्येक गॅरेजात ऐकू येते. ह्या स्टेपनीतली हवा मात्र सर्वांत शेवटी आठवते, आणि तीही बहुधा भर उन्हात, आडरानात, चाक पंक्चर झाल्यावर.

गाडीची इतर निगाही आहेच. इंजिनातील तेल, समोरच्या काचेवरचे वायपर आणि सर्व दिवे वेळोवेळी पाहावेत. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, कारण आतील उकळते पाणी उसळून अंगावर येते. ह्या गोष्टी गॅरेजातील माणूसही आठवणीने करतो. चाकाची हवा मात्र दोन गॅरेज-भेटींच्या मधल्या काळातच उतरते, म्हणून ती मालकानेच पाहावी लागते.

चाके उत्तम असली तरी थांबायला जागा लागतेच. ताशी ३० किलोमीटर वेगाच्या मोटारीपुढे अचानक वासरू आले, तर चालकाला ते दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, आणि तेवढ्यात गाडी ८ मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबायला सुमारे ५ मीटर लागतात. एकूण १३ मीटर, म्हणजे कबड्डीचे एक मैदान. वेग दुप्पट, म्हणजे ६० केला तर? पहिल्या सेकंदात १७ मीटर जातात, आणि ब्रेक लागल्यावरचे अंतर दुप्पट नव्हे तर चौपट होते: २० मीटर. एकूण ३७ मीटर, जवळजवळ तीन मैदाने! वेग दुप्पट झाला, आणि वासरू वाचण्याची जागा तिप्पट दूर गेली.

हे सारे कोरड्या रस्त्याचे झाले. मृगाचा पहिला पाऊस पडला की डांबरावर साचलेली धूळ आणि सांडलेले तेल यांचा निसरडा लेप होतो. त्यात शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची काळी माती मिसळते. भरलेल्या ट्रकला तर थांबण्यासाठी मोटारीहून अधिक जागा हवी असते, आणि उंच बसलेल्या त्याच्या चालकाला अगदी पुढ्यात उभे असलेले मूल दिसतही नाही. म्हणून ‘चालकाने आपल्याला पाहिले आहे, तो थांबेल’ असा विश्वास ठेवून ट्रकपुढून धावत जाणारा मुलगा त्या ट्रककडून अशक्य गोष्टीची अपेक्षा करीत असतो. रात्री मागे दिवा किंवा चमकणारी लाल पट्टी नसलेल्या बंडीचीही हीच गत. मोटारीच्या उजेडात ती दिसते तेव्हा मैदाने संपत आलेली असतात.

पुढच्या वाहनापासून किती अंतर ठेवावे, हे मीटरने मोजणे चालत्या गाडीत शक्य नसते. त्यासाठी चालक एक युक्ती करतात. पुढचा ट्रक रस्त्याकडेच्या एखाद्या कडुनिंबापाशी पोचला की ते सेकंद मोजू लागतात. आपली गाडी त्याच कडुनिंबापाशी येईपर्यंत निदान दोन सेकंद झाले पाहिजेत; त्याहून आधी आली, तर वेग कमी करावा. पावसात हीच मोजणी चारपर्यंत न्यावी लागते.