एमआरआयमध्ये गादी फाटलेली दिसली, म्हणजे तीच दुखतेय का?

'गुडघ्याची गादी फाटलीये' हे आपण घरोघरी ऐकतो. ही गादी म्हणजे मेनिस्कस. मांडीच्या हाडाचं खालचं टोक गोलाकार, नडगीच्या हाडाचा माथा मात्र जवळपास सपाट. मधल्या फटीत चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या बसतात आणि भार पसरवतात. रक्तपुरवठा फक्त बाहेरच्या कडेला, त्यामुळे आतल्या भागातली चीर सहसा भरून येत नाही. (लोक ज्याला 'वंगण संपलं' म्हणतात ती बहुतेक वेळा हाडांवरच्या कूर्चेची झीज असते. ते वेगळं प्रकरण.)

कबड्डीत पाय रोवलेला असताना गुडघा पिळला की गादी फाटू शकते, कधी एसीएल लिगामेंटसकट. तिथे कारण उघड आहे. गोंधळ होतो तो उतारवयात. गुडघा दुखतो, एमआरआय काढला, चीर दिसली, झालं निदान! पण न दुखणाऱ्या गुडघ्याचा एमआरआय कोण काढतं? म्हणजे तुलनेचा गटच नाही.

तो गट २००८ साली मिळाला. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या ९९१ जणांचे एमआरआय काढले. निवड करताना गुडघा दुखतो की नाही हे पाहिलंच नव्हतं. ज्यांची गादी फाटलेली निघाली, त्यातल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता.

मग फाटलेला भाग कापून काढण्याचा उपयोग किती? फिनलंडमधल्या डॉक्टरांनी हे तपासलं ते मला फार आवडतं. १४६ रुग्ण. सगळ्यांच्या गुडघ्यात दुर्बीण घातली, मग चिठ्ठीनुसार निम्म्यांचीच गादी कापली. उरलेल्यांवर ऑपरेशनचं नाटक: तेवढाच वेळ, तीच अवजारं मागायची, गुडघा तसाच हलवायचा. कोणाचं काय केलं हे रुग्णाला माहीत नाही. वर्षभराने दोन्ही गट सुधारले होते आणि त्यांच्यात लक्षणीय फरक नव्हता (२०१३). नाटकाचा गट नसता तर सगळं श्रेय ऑपरेशनलाच गेलं असतं.

पेपर वाचताना कोणाला वगळलंय तेही बघा. इथे अपघाताने गादी फाटलेले रुग्ण घेतलेच नव्हते आणि वयोगट ३५ ते ६५ होता. त्यामुळे मैदानात गुडघा पिळलेल्या विशीतल्या कबड्डीपटूला हा निष्कर्ष लावता येत नाही.